अपघातानंतरचे कागद

२४ जानेवारी २०२४ च्या पहाटे कल्याण-नगर महामार्गावर, पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी फाट्याजवळ उसाचा ट्रॅक्टर, एसटी बस आणि इको गाडी यांचा अपघात झाला. सहा जण गेले. त्याआधी दीड-दोन महिन्यांपूर्वीच, ३ डिसेंबर २०२३ ला, नाशिक-पुणे महामार्गावर संगमनेर तालुक्यात आळंदीला निघालेल्या पायी दिंडीत कंटेनर घुसला आणि चार वारकऱ्यांचा जीव गेला. अशा बातमीत किती ठार, किती जखमी आणि कोणाला कुठे दाखल केले एवढे येते. त्यानंतर त्या घरांचे काय होते, हे सहसा छापून येत नाही. कमावता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, की पहिल्या काही आठवड्यांत घरातले लोक जे करतात, किंवा करायचे राहून जाते, त्यावर पुढची भरपाई ठरते. बहुतेक दावे न्यायालयात पोचण्याआधीच कमजोर होतात, आणि हे थांबवणे शक्य आहे.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. नगर-मनमाड, नाशिक-पुणे, कल्याण-विशाखापट्टणम हे रस्ते जिल्ह्यातून जातात, समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्याला छेदून जातो, शिर्डीची वर्दळ बाराही महिने असते. त्यात दिवाळीनंतर कारखाने पेटले, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरलेले नसते.

एकाच ठिकाणी, एकाच क्षणी जखमी झालेल्यांचे कायद्यातले मार्ग मात्र वेगवेगळे असतात. ढवळपुरीसारखा तीन वाहनांचा अपघात डोळ्यांपुढे ठेवला तर हे नीट कळते. खासगी गाडीतला माणूस दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक दाखवून त्याच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून भरपाई मागतो. एसटीवर दावा असेल तर महामंडळच थेट प्रतिवादी असते. सरकारी परिवहन संस्थांना विमा घेण्यातून सूट मिळू शकते, पण त्यासाठी स्वतःचा निधी ठेवावा लागतो. शिवाय १ एप्रिल २०१६ पासून एसटीच्या तिकिटावर एक रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जातो. प्रवाशाचा मृत्यू झाल्यास त्यातून वारसांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ही मदत आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक कुटुंबांना कोणी सांगतच नाही.

सर्वांत बिकट वाट असते ती उसाच्या ट्रॉलीवर बसून येणाऱ्या मजुराची. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी असते, ट्रॉलीची नसते, आणि शेतीसाठी घेतलेला विमा भाड्याच्या वाहतुकीला चालत नाही, असे मुद्दे कंपनी हमखास काढते. तरीही दार पूर्ण बंद नाही. २००७ च्या एका निकालात वीटभट्टीवर माती नेणाऱ्या ट्रॉलीतला मजूर जखमी झाला होता. कंपनी कायद्याने जबाबदार नाही असे म्हणूनही सर्वोच्च न्यायालयाने तिला आधी मजुराला पैसे द्यायला लावले आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. दुसरा रस्ता कामगार भरपाईचा. त्यासाठीच्या १९२३ च्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. काम करताना अपघात झाला एवढे तिथे दाखवावे लागते, कोणाची चूक हे नाही. मुकादमामार्फत आणलेल्या मजुराबाबत मूळ काम देणाराही जबाबदार धरता येतो, त्यामुळे ‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हे उत्तर शेवटचे मानायचे कारण नाही. ही तरतूद आणि मोटार वाहन कायदा दोन्ही लागू पडत असतील तर एकच मार्ग निवडावा लागतो. पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्यांसाठी ही निवड फार महत्त्वाची आहे आणि ती करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायलाच हवा.

लोक ज्याला ‘क्लेम केस’ म्हणतात, ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालते. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. नगरखेरीज संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा इथल्या वरच्या न्यायालयांतही अशी प्रकरणे चालतात. अपघात जिथे झाला तिथेच दावा टाकावा लागतो, हा समज चुकीचा आहे. अर्जदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथेही टाकता येतो. सांगलीकडे ऊसतोडीला गेलेल्या पाथर्डीच्या माणसाला अपघात झाला, तर त्याच्या बायकोने तारखांसाठी सांगलीच्या एसटीत बसायची गरज नाही.

दुसरा समज याहून महाग पडतो. ‘पोलिसांनी केस केली आहे, निकाल लागला की पैसे मिळतील’ असे म्हणत घरचे लोक वर्ष काढतात. पोलिसांची केस चालकाला शिक्षा व्हावी म्हणून असते. भरपाईचा दावा स्वतंत्र असतो, त्याला चालकाच्या शिक्षेची वाट पाहावी लागत नाही आणि पुराव्याची कसोटीही तितकी कडक नसते. चूक कोणाची असण्याची शक्यता जास्त, एवढे न्यायाधिकरण बघते. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला आव्हान दिले गेले असून, मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. पण अंतरिम आदेशावर विसंबून कोणी घरी बसू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज गेलेला बरा.

आता कागदांकडे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवायचा असतो. हा अहवालच अर्ज म्हणून धरायची तरतूद कायद्यात आहे. जखमीला किंवा वारसांना त्याची प्रत मागण्याचा हक्क आहे. ठाण्यात जाऊन फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक, आरसी, पॉलिसी आणि लायसन्सच्या प्रती मागितल्या पाहिजेत. एमएच १६ नगरचा आणि एमएच १७ श्रीरामपूरचा, एवढे सगळ्यांना पाठ असते. पण त्या नंबरच्या गाडीचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे एमपरिवहन ॲपवर त्याच संध्याकाळी पाहता येते, हे थोड्यांनाच माहीत असते. विमा संपलेला असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून यायची असते, आणि मग त्याच्या मालमत्तेची माहिती आधीपासून गोळा करावी लागते.

पंचनामा हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद. उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली की ‘मागच्याची चूक’ असे गृहीत धरले जाते. ट्रॉली डांबरी रस्त्यावर किती आत उभी होती, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर होता का, दगड ठेवले होते का, ब्रेकचे व्रण किती लांब आहेत, हे पंचनाम्यात आले असेल तर चित्र पालटते. दोघांचीही चूक ठरली तर न्यायाधिकरण टक्केवारी ठरवते आणि तेवढी रक्कम कापते. दहा लाखांच्या दाव्यात तीस टक्के चूक माथी आली म्हणजे तीन लाख गेले. पंचनाम्यात एक ओळ राहून गेली की एवढा फरक पडतो. म्हणून गाड्या हलवण्याआधी गावातल्या कोणी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवले, तर त्या घरावर मोठे उपकार होतात. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता सोडायला हवी. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि कायद्यानेच त्याला संरक्षण दिले आहे. उपचाराच्या पैशांसाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

भरपाईचा आकडा कसा निघतो, हे गूढ वाटते, पण हिशोब ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात त्याची पद्धत बसवली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती पक्की केली. समजा, राहुरीकडचा ३४ वर्षांचा माणूस दोन म्हशींचे दूध घालून आणि मजुरी करून महिन्याला १५,००० रुपये मिळवत होता. घरात बायको, दोन मुले आणि आई. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,०००. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा भाग वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. एकूण ३० लाख २४ हजार. त्यावर अंत्यविधी, वारसा आणि सहवास गमावल्याच्या ठरावीक रकमा आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. नोकरी कायम असती तर ४० ऐवजी ५० टक्के वाढ धरली असती.

या गणितात सगळे पहिल्या आकड्यावर अवलंबून आहे. १५,००० चे ८,००० झाले, तर ३० लाखांचे १६ लाख होतात. विमा कंपनीचा वकील नेमका त्याच आकड्याला हात घालतो, कारण दूध घालणाऱ्याकडे पगाराची स्लिप नसते. पण नगर जिल्ह्यातला शेतकरी कागदाविना मुळीच नसतो. दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल, कारखान्याची ऊसबिलाची पावती, बाजार समितीतली कांद्याची पट्टी, सोसायटीचा कर्जखाते उतारा, सातबारा आणि आठ-अ हे सगळे उत्पन्नाचे पुरावे आहेत. ‘जमीन तर वारसांकडेच राहिली, मग नुकसान कसले’ हा युक्तिवादही येतो. त्यावर न्यायालये शेत सांभाळण्याच्या, देखरेखीच्या कामाची किंमत धरतात, म्हणून नांगरट, पाणी, फवारणी हे सगळे तो स्वतः करत होता, हे शेजाऱ्यांच्या साक्षीने दाखवावे लागते. आणि कागद खरोखर नसले तरी हात टेकायचे कारण नाही. कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याचा पाय गेला होता. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाचा लेखी पुरावा नसताना महिना ६,५०० रुपये मिळकत धरली आणि कमाईची क्षमता ८५ टक्के गेली असे मानले.

घरातली बाई गेली, की ‘तिला काही उत्पन्न नव्हते’ असे सासरचेच लोक सांगून टाकतात. कायदा तसे म्हणत नाही. गृहिणीच्या कामाची किंमत धरून भरपाई द्यायची, भावी वाढही मिळवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ठामपणे सांगितले. आपल्या भागात तर ती धारही काढते, खुरपायलाही जाते. ते अर्जात लिहिले गेले पाहिजे.

जखमींच्या दाव्यात कळीचा कागद म्हणजे अपंगत्वाचा दाखला. इथे मोठी गफलत होते. डॉक्टर शरीराचे अपंगत्व टक्क्यांत लिहितात, पण भरपाई कमाईची क्षमता किती गेली यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उदाहरण असे: डावा हात कापावा लागला तर अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली, तर कदाचित काहीच बुडत नाही. म्हणून नुसता दाखला जोडून भागत नाही, दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते आणि माणूस आधी नेमके काय काम करत होता, हे सांगावे लागते. ऊसतोड मजुराचा उजवा खांदा वर उचलेनासा झाला, तर त्याचा धंदाच संपला. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या, दवाखान्याला जायच्या-यायच्या गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवाव्यात. सहा महिन्यांनी मेडिकलवाला जुनी बिले काढून देईलच असे नाही.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही तर? तेव्हाही मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळण्याची सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ आधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसील पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. अपघातग्रस्त शेतकरी किंवा त्याच्या घरातली व्यक्ती असेल तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्यात मृत्यूला दोन लाख मिळतात आणि अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. स्वतःच्याच चुकीने गाडी घसरून मृत्यू झाला, तर मात्र इतर कोणाकडून भरपाई मागता येत नाही. तिथे पॉलिसीतला मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा कामाला येतो, तोही घेतलेला असेल तर.

आता सर्वांत दुखरी बाब. गावात अपघात झाला की तेराव्याच्या आत ‘मिटवून घ्या’ म्हणणारे येतात. गाडीमालक ओळखीचा, कधी सोयरिकीतला. पन्नास हजार, लाख रुपये हातात ठेवायचे आणि स्टॅम्प पेपरवर सही घ्यायची की आमची काही तक्रार नाही. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाचा हक्क तीस लाखांचा होता हे लक्षात घेतले, म्हणजे हा व्यवहार किती अन्यायाचा आहे ते कळते. आणि यात मालकाचेही भले नसते. वैध विमा असेल तर भरपाई कंपनीने द्यायची असते, त्यासाठीच त्याने हप्ता भरलेला असतो. दावा केला म्हणजे शेजाऱ्याशी वैर धरले असे होत नाही, हे दोन्ही घरांना समजावून सांगणारा एखादा जाणता माणूस गावात हवा. विमा कंपनीकडूनही तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी तरतूद कायद्यात आहे. पण ती रक्कम एकदा स्वीकारली की मोठा दावा संपतो. सही करण्याआधी गुणकाचे गणित मांडून पाहावे.

वकिलापर्यंत पोचण्याच्या वाटेवर मध्यस्थ उभे असतात. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, शवविच्छेदनासाठी थांबलेल्या नातेवाइकांजवळ कोणी येते, ‘एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातले अमुक टक्के’ म्हणते आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेते. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना केलेले आहे, आणि दलालांमार्फत कामे मिळवणेही. खर्चाचे पैसे नंतर घेणारे प्रामाणिक वकील आहेत, पण फी किती हे आधी ठरलेले आणि लिहिलेले असावे. न्यायाधिकरणात नेहमी उभे राहणारा वकील निवडावा. वकीलपत्र वाचून मगच सही करावी. अर्ज दाखल झाला की त्याचा क्रमांक आणि सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबर मागून घ्यावा. तो ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि आज काय झाले ते घरबसल्या दिसते. ‘तारीख पडली’ एवढ्याच उत्तरावर कोणी चार वर्षे काढू नयेत. बँक खाते स्वतःचे द्यावे आणि पासबुक, चेकबुक कोणाच्या ताब्यात देऊ नये.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे, तालुक्यांना त्याच्या समित्या आहेत. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० हा मदत क्रमांक आहे. नवरा गमावलेल्या बाईला हे माहीत असते तर तिला कोणाच्या टक्केवारीला मान तुकवावी लागली नसती.

प्रकरण लोकअदालतीत ठेवले तर लवकर मिटते, पैसेही लवकर येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे कंपनीचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी मांडूनच होकार द्यावा. नेहमीच्या मार्गाने निकाल लागला तर रक्कम तीस दिवसांत भरायची असते आणि नाराज पक्षाला नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात, नगरकरांसाठी औरंगाबाद खंडपीठात, अपील करता येते. कंपनीने अपील केले तरी तिला काही रक्कम आधी भरावी लागते. लहान मुलांच्या वाट्याचे पैसे बँकेत मुदत ठेवीत राहतात आणि व्याज आईच्या खात्यावर येऊ शकते. मुलाला आयटीआयला किंवा कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फी भरायची असेल, तर प्रवेशाचा कागद आणि फीची मागणी जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि ठेवीतली तेवढी रक्कम मुदतीआधी काढायची परवानगी मागता येते.